समुद्राखालच्या 'रिज'ला काय म्हणायचं? आणि 'प्रसरण' बरोबर आहे का?

मी नाशिकची, मुलीचा भूगोल घेताना अडलेय. पुस्तकी मराठीत मिड ओशन रिज (महासागराच्या तळावरची लांबच लांब डोंगररांग) म्हणजे 'मध्य महासागरी कटक' आणि सी फ्लोअर स्प्रेडिंग म्हणजे 'सागरतळ प्रसरण'. कटक म्हटलं की तिला अटक ते कटक आठवतं, आणि प्रसरण म्हणजे धातू तापल्यावर पावतो ते, मग ती विचारते समुद्राचा तळ पण ताणला जातो का? कुठले शब्द वापरू?

—

ताई, मुलीनं नेमकं विचारलंय. तळ ताणला जात नाहीच. रिजच्या माथ्यावर दोन प्लेटा (पृथ्वीच्या कवचाचे प्रचंड तुकडे) एकमेकींपासून लांब सरकतात, त्या फटीत खालून लाव्हा येतो, थिजून बेसॉल्ट होतो, म्हणजे तळाला नवी पट्टी जोडली जाते नि आधीची बाजूला सरकते. अटलांटिकमधे हे वर्षाला २ ते ५ सेंमी, पूर्व पॅसिफिकमधे काही ठिकाणी १५ सेंमीपर्यंत. जुना तळ गर्तांमधे (समुद्रतळातल्या खोल चरांमधे) परत खाली जातो, म्हणून २० कोटी वर्षांपेक्षा जुना तळ जवळजवळ सापडतच नाही. भर पडत जाते त्याला 'विस्तार' म्हणावं, मी तरी प्रसरण वापरत नाही.

—

विस्तारला माझंही मत. कटक चुकीचा नाहीये पण, संस्कृतात डोंगराची कड असाही अर्थ आहे, फक्त मराठीत तो कानावर नाही. आपण ट्रेकवाले 'धार' म्हणतो ती अरुंद, आणि ही रिज हजार किमीच्यावर रुंद नि सगळ्या महासागरांतून मिळून ६५,००० किमी लांब, त्यामुळे 'सागरमध्य रांग'च बरं. मुलीला एक मात्र सांगा, आपली सातमाळा रांग आजूबाजूचं झिजून उरलेली आहे, समुद्रातली रांग नवा खडक गरम, हलका असतो म्हणून उंच राहते, आणि लांब जाता जाता थंड होऊन खचत जाते.

—

खूपच छान सांगितलंत दोघांनी! मग कार्ल्सबर्ग रिजला पण रांग लिहायचं का?

—

विशेषनामात रिजच ठेवा, नकाशात शोधायला सोपं. ती आपल्या अरबी समुद्राच्या दक्षिणेलाच आहे, आणि व्हाइन-मॅथ्यूज या भूशास्त्रज्ञांनी १९६३ मधे चुंबकीय पट्ट्यांवरून (पृथ्वीचं चुंबकत्व अधूनमधून उलटतं, त्याची थिजताना खडकात उमटलेली नोंद) विस्तार दाखवला तेव्हा मोजमापं तिथलीच होती. रांगेच्या दोन्ही अंगांना सारखेच पट्टे, तळ नुसता ताणला असता तर असे उमटलेच नसते.