ट्रॉलीसाठी हूक कोणता घ्यावा? मदत हवी आहे

भाऊ हो, ४५ एचपीचा ट्रॅक्टर, दोनचाकी ट्रॉली, सोयाबीनची पोती भरून साधारण ५ टन. यवतमाळकडचा चढउताराचा रस्ता. जुन्या हुकाचं भोक लांबट झालंय. पिन खेळते, उतारावर ब्रेक दाबला की ट्रॉली मागून धक्का देते.

एका कानाच्या हुकात (पिन एकाच पट्टीत बसते) पिन लवकर वाकते, म्हणून दोन कानांचा (पिन वर-खाली दोन पट्ट्यांत बसते) घ्यायचा विचार आहे. तो नट-बोल्टचा बरा की वेल्डिंगचा? पिन किती मिमीची? पिन निसटू नये म्हणून लावायच्या क्लिपऐवजी खिळा चालतो म्हणू नका, तो तुटतोच. साखळ्या ट्रॉलीच्या दांडीखाली आडव्या-तिडव्या बांधणार, पिन निसटलीच तर दांडी जमिनीत रुतू नये.

टॉप लिंकच्या (ट्रॅक्टरमागे अवजार धरणारा वरचा जोड) जागी ट्रॉली जोडायचा सल्लाही नको. चढावर पुढची चाकं उचलतात, ट्रॅक्टर मागे पलटतो. हुकाची जमिनीपासून उंची किती ठेवता?