मदत हवी आहे: अ‍ॅबस्ट्रॅक्ट स्टॅटिक मेथड सबक्लासमध्ये लिहायची राहिली तर तो क्लास बनतानाच एरर कशी द्यावी?

पायथन 3.11. एबीसी (अ‍ॅबस्ट्रॅक्ट बेस क्लास) वरून बनवलेल्या 'रीडर' या बेस क्लासमध्ये 'ओळख(फाइल)' ही मेथड आहे. डेकोरेटरचा क्रम बरोबर आहे: वर स्टॅटिकमेथड, आत अ‍ॅबस्ट्रॅक्टमेथड (म्हणजे सबक्लासने ती लिहायलाच हवी).

सबक्लासचा ऑब्जेक्ट कधी बनतच नाही, मेथड थेट क्लासवरून कॉल होते. अ‍ॅबस्ट्रॅक्टची तपासणी मात्र होते ऑब्जेक्ट बनताना. त्यामुळे 'ओळख' लिहायची राहिली की बेसमधली रिकामी मेथड चालते आणि गुपचूप 'नन' परत येतो. फाइल ओळखली गेली नाही, की मेथडच नव्हती, हे कळायला मार्ग नाही.

नॉटइम्प्लिमेंटेडएरर टाकून पाहिली. ती कॉल झाल्यावरच येते, म्हणजे फार उशिरा. इनिट-सबक्लास हुकमध्ये (सबक्लास बनताना आपोआप चालणारी मेथड) अ‍ॅबस्ट्रॅक्टमेथड्सचा संच वाचायला गेलो तर अ‍ॅट्रिब्यूटएरर, कारण एबीसीमेटा (एबीसीचा मेटाक्लास, म्हणजे क्लास बनवणारा क्लास) तो संच हुक चालून गेल्यावर भरतो. इन्स्पेक्ट मॉड्यूलचं इजअ‍ॅबस्ट्रॅक्ट तिथेही चालतं, पण मुद्दाम अर्धवट ठेवलेल्या मधल्या 'टेक्स्टरीडर'लाही ते अडवतं.

सबक्लास बाहेरचे लोक लिहितात, त्यामुळे मायपायची (कोड न चालवता टाइप तपासणारं टूल) सक्ती करता येत नाही. स्वतंत्र मेटाक्लासही नको.

मधला क्लास सोडून फक्त शेवटच्या क्लासवर ही तपासणी कशी लावावी? क्लासच्या ओळीत 'मधला=ट्रू' असा कीवर्ड देऊन तो हुकमध्ये वाचणं, याहून स्वच्छ उपाय आहे का?