शहर वाचवायला शेतात पाणी सोडणार, मग शेतकऱ्याचं काय?

मुजमहुडावाला
मंडळी, जरा सल्ला हवाय. आमच्या काकांची जमीन बडोदा शहराच्या खालच्या अंगाला, विश्वामित्री नदीच्या काठाला आहे, गायकवाडी काळापासूनची. कापूस आणि तूर. २०२४ च्या ऑगस्टात नदी ३५ फुटांच्या वर गेली (धोक्याची पातळी २५) तेव्हा त्या काळ्या मातीत पाणी असं बसलं की कापूस मुळासकट कुजला, बोंडं हातात घेतली की चिखलच यायचा. मग २०२५ च्या पावसाळ्याआधी शहरातलं जवळपास २४ किमी पात्र खोल-रुंद केलं. बरंच झालं, पण तेच पाणी आता भराभर खाली येणार ना? गावात कुजबूज आहे की काठच्या शेतांत पुराचं पाणी अडवून ठेवायची काहीतरी स्कीम येणार. कागद कोणी बघितलेला नाही.

माझ्या स्वतःच्या घरात पाणी आलं होतं त्यामुळे अशा कामाला नको म्हणायला मला तोंड नाही. पण काका म्हणतात, "तुमचा सोफा वाचावा म्हणून माझं शेत का बुडवू?" जमीन घेतली तर निदान भाव तरी मिळेल, पण नाव आमचंच ठेवून पाणी तेवढं सोडलं तर काय करायचं?

समा_सावली_रोड
भाऊ ज्याच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मगर फिरली त्याला विचार 😄 खालचे लोक गच्चीवर, लाइट नाही, दूध नाही. लाखो लोकांचं शहर आहे, पाण्याला कुठेतरी जागा द्यावीच लागणार. शेतकऱ्याला चांगले पैसे द्या आणि विषय संपवा.

वकिलीणबाई
पैसे द्या म्हणणं सोपं आहे, किती आणि कशाचे ते बघा आधी. २०१३ चा भूसंपादन कायदा कागदावर चांगला आहे. जंत्रीचा (सरकारी दरपत्रकाचा) भाव किंवा आसपासच्या दस्तावेजांची (खरेदीखतांची) सरासरी, यातलं जे जास्त ते धरायचं, सरासरीसुद्धा मागच्या ३ वर्षांतल्या वरच्या किमतीच्या अर्ध्या दस्तावेजांची, गावाकडच्या जमिनीला वर १ ते २ चा गुणक, आणि त्यावर १०० टक्के सोलेशियम (सक्तीने जमीन घेतल्याची जादा भरपाई). पण आपल्याकडे दस्तावेज होतो जंत्रीला, बाकीचे रोकडे, स्टॅम्प ड्युटी वाचली म्हणून सगळे खूश. आणि संपादन आलं की कलेक्टर ऑफिसात तेच दस्तावेज टेबलावर येतात, मग रडायचं कोणाकडे? एप्रिल २०२३ ला जंत्री डबल झाली म्हणून थोडं बरं, इतकंच.

आता तुमचा खरा प्रश्न. जमीन न घेता दरवर्षी पाणी सोडणं हे "तात्पुरता ताबा" या नावाखाली बसवू देऊ नका. कलम ८१ चा तात्पुरता ताबा जास्तीत जास्त ३ वर्षांचा असतो. कायमचं पाणी सोडायचं असेल तर तो हक्क लेखी विकत घ्यायला लावा, ७/१२ च्या इतर हक्कांत नोंद करा, जमिनीची किंमत उतरली त्याचे पैसे एकरकमी आणि पीक बुडेल तेव्हा पिकाचे वेगळे. आणि संपादनाचं प्राथमिक जाहीरनामं (अधिसूचना) निघालं तर हरकतीला ६० दिवस असतात, तेव्हा गावात नुसती चर्चा करत बसू नका.

कोठीचा_कारकून
सगळे शेतकऱ्याकडेच का बघताय? कोतरं (नदीकाठच्या घळी) बुजवून, भराव टाकून ज्यांनी काठावर बिल्डिंगांच्या स्कीमा उभ्या केल्या त्यांच्या जमिनीचा भाव वाढला, आणि त्यांनी अडवलेलं पाणी काकांच्या कापसात. २०२१ मध्ये एनजीटीने (राष्ट्रीय हरित लवादाने) नदीची हद्द आखा, अतिक्रमणं काढा असं सांगितलं होतं. आधी ते होऊ दे पूर्ण, मग काकांना त्याग शिकवा.

डेल्फ्टचा_बडोदेकर
कारकूनसाहेबांशी सहमत, पण जागा तरीही लागतेच. इथे हॉलंडमध्ये १९९५ ला पुराच्या भीतीने अडीच लाखाच्या आसपास माणसं हलवली, त्यानंतर नदीला जागा द्यायची मोठी योजना आली. ओव्हरडीप नावाच्या खोलगट भागात शेतकऱ्यांनीच सुचवलं की बांधाची उंची कमी करा पण आमची घरं नि गोठे उंच टेकाडं करून त्यावर बांधून द्या. काही राहिले, काही पैसे घेऊन दुसरीकडे गेले. मात्र तिथे हिशोब साधारण २५ वर्षांतून एकदा पाणी येण्याचा आहे, आपल्यासारखा दर दोन-चार पावसाळ्यांना नाही.

वकिलीणबाई, तुमचं ते एकरकमी मला खटकतं. अमेरिकेत मिझुरीत पाणी सोडायचा हक्क जुन्या पिढीकडून विकत घेतलेला होता, आणि २०११ ला मिसिसिपीचा बांध उडवला तेव्हा सव्वा लाख एकरांच्या वर जमीन बुडाली. पैसे आजोबांनी घेतले, पाणी नातवंडांच्या शेतात.

वकिलीणबाई
मुद्दा बरोबर आहे. मग एकरकमी कमी आणि वर्षाचं भाडं असं मागा, पाणी येवो न येवो. आणि किती फुटांवर पाणी सोडणार तो आकडा करारातच हवा, नाहीतर "परिस्थितीनुसार" असं लिहितात आणि परिस्थिती कायम त्यांचीच असते.

मुजमहुडावाला
हे भाड्याचं काकांना पटेल असं वाटतंय, पीक हातचं जाणाऱ्या वर्षी पण काहीतरी येईल. पण बाजूचे दोन सर्वे नंबर भागीदारीत आहेत, नावं अजून आजोबांचीच. त्यांचं काय?

वकिलीणबाई
आधी वारसाई करून घ्या. उद्याच तलाटीकडे जा, ७/१२ बरोबर ८-अ पण काढा. मोबदला वाटायच्या वेळी भावाभावांत जी भांडणं लागतात ती पुरापेक्षा जास्त टिकतात.