बेस वाजला की हेडलाइट मंद होतात: ९० अँपिअरचा अल्टरनेटर बदलावा का?

डिकीतला_सब
गाडीत ९० अँपिअरचा मूळ अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारं यंत्र) आणि ६० एएचची साधी लेड-ॲसिड बॅटरी आहे. सबवूफरला १००० वॅट आरएमएसचा (सलग देता येणारी ताकद) क्लास डी मोनोब्लॉक (एकाच चॅनेलचा अँप्लिफायर), दारांतल्या स्पीकरना ४ × ७५ वॅटचा क्लास एबी अँप्लिफायर. बॅटरीपासून डिकीपर्यंत ३५ चौरस मिमीची ५ मीटर तांब्याची केबल.

बॅटरीच्या टर्मिनलवर घेतलेली मापं: इंजिन बंद असताना १२.६ व्होल्ट. आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) स्टिरिओ बंद, १४.१. आयडलला जोरात बेस, १२.१, आणि ठोक्यागणिक हेडलाइट मंद. तोच आवाज २००० आरपीएमला, १३.०.

१८० अँपिअरचा अल्टरनेटर, १ फॅरडचा कपॅसिटर की दुसरी बॅटरी? आधी काय करावं?

बारा_व्होल्ट
आधी हिशेब. क्लास डीची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर १००० वॅटसाठी १२५० वॅट आत जायला हवेत, म्हणजे १३.८ व्होल्टला साधारण ९० अँपिअर. क्लास एबी ५५ टक्क्यांच्या आसपास असतो, त्यामुळे ३०० वॅटसाठी आणखी ४० अँपिअर. एकूण १३०. पण ही शिखरावरची गरज झाली. गाण्यात सरासरी ओढ याच्या एक तृतीयांश पकडा, ४० ते ४५ अँपिअर. बेस सलग असेल किंवा गेन (अँप्लिफायरची इनपुट पातळी) इतका चढवलेला असेल की सिग्नल क्लिप होतोय (शिखरं कापली जातायत), तर निम्म्यापर्यंत जाते.

गाडीची स्वतःची गरज वेगळी. हेडलाइट, ब्लोअर, रेडिएटरचा पंखा, इंधनपंप, इग्निशन मिळून ३५–४५ अँपिअर सहज होतात.

आता अडचण कुठे आहे बघा. ९० हा आकडा अल्टरनेटर ६००० आरपीएमच्या आसपास फिरत असतानाचा असतो. पुलीचं गुणोत्तर सहसा २.५ ते ३ असतं, म्हणजे इंजिन ८०० वर असताना अल्टरनेटर फिरतो २०००–२४०० ने, आणि तिथे मिळतात जेमतेम ४०–४५. ते गाडीच खाऊन टाकते. अँप्लिफायरला जे जातं ते बॅटरीतून उपसलं जातं, म्हणून १२.१.

याच कारणाने १८० चा अल्टरनेटर घेताना लेबलवरच्या १८० कडे पाहू नका. विक्रेत्याकडे आरपीएमनुसार आउटपुटचा तक्ता मागा आणि २०००–२४०० ची ओळ वाचा. तिथे ९०–१०० अँपिअर मिळत असतील तर उपयोग आहे. शिखर १८० पण आयडलला ५० असाही नग असतो. तो हायवेवर छान, सिग्नलला जैसे थे. तक्ताच देत नसेल तर घेऊ नका.

तांब्याची_तार
अल्टरनेटरआधी तारा मोजा. २००० आरपीएमला १३.० दिसतात हे मला खटकतंय. त्या वेगाला ९० च्या अल्टरनेटरने इतकं खाली यायला नको.

स्टिरिओ जोरात, हेडलाइट चालू, इंजिन २००० वर. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर. लाल टोक अल्टरनेटरच्या बी-प्लस बोल्टवर (जिथून वीज बाहेर येते), काळं बॅटरीच्या प्लसवर. ०.२ पेक्षा जास्त आलं तर ती केबल, तिचा लग (टोकाची धातूची कडी) किंवा मधला फ्यूज व्होल्टेज खातोय. मग एक टोक अल्टरनेटरच्या उघड्या धातूवर आणि दुसरं बॅटरीच्या मायनसवर. इथे ०.१ पर्यंत ठीक.

जास्त आलं तर तीन जोडण्या जाड करायच्या: अल्टरनेटर बी-प्लस ते बॅटरी प्लस, बॅटरी मायनस ते बॉडी, इंजिन ब्लॉक ते बॉडी. जुन्या तारा काढू नका, नव्या त्यांच्या जोडीला टाका. ५० चौरस मिमी घेतली की पुढे मोठा अल्टरनेटर आला तरी पुन्हा हात लावावा लागत नाही. केबल शुद्ध तांब्याची हवी. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल तेवढ्याच जाडीला तांब्याच्या दोन तृतीयांशापेक्षाही कमी वाहक असते.

अल्टरनेटरच्या केबललाही फ्यूज लागतो, तोही बॅटरीच्या बाजूला, कारण शॉर्ट झाल्यावर खरा प्रवाह बॅटरीकडून येतो. १८० च्या अल्टरनेटरला २०० किंवा २५०. डिकीकडच्या ३५ चौरस मिमीला १५०, बॅटरीपासून ४५ सेंमीच्या आत.

अर्थिंगच्या जागी रंग खरवडून पत्रा चकचकीत करा, दातेरी वॉशर घाला, बोल्ट आवळून झाल्यावर वरून ग्रीस. सीटबेल्टचा बोल्ट अर्थसाठी कधीच वापरायचा नाही.

रिपल
कपॅसिटरचा विचार सोडा. १ फॅरडचा कपॅसिटर १४.४ वरून १२ व्होल्टपर्यंत रिकामा झाला तर ३२ ज्यूल देतो. तुमचा मोनोब्लॉक १२५० वॅट ओढतो, म्हणजे ते एका सेकंदाच्या चाळिसाव्या भागात संपतात! हेडलाइटची लुकलुक थोडी कमी दिसेल, तूट तशीच राहील.

दुसऱ्या बॅटरीने इंजिन बंद ठेवून ऐकण्याचा वेळ वाढतो. पण तीही शेवटी याच अल्टरनेटरकडून भरून घेणार. घ्यायचीच असेल तर डिकीत एजीएम (आम्ल मॅटमध्ये शोषलेली सीलबंद बॅटरी) घ्या. साधी लेड-ॲसिड चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन सोडते, ती बंद जागेत नको.

बेल्ट_टेन्शन
एक गोष्ट अजून कुणी विचारली नाही: अल्टरनेटर ईसीयूच्या (इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाच्या) ताब्यात आहे का? बॅटरीच्या मायनस क्लॅम्पवर छोटी डबी आणि तिला बारीक वायर असेल तर तो करंट सेन्सर. अशा गाडीत ईसीयू मुद्दाम व्होल्टेज खाली आणतो, आणि ते पाहून अल्टरनेटर कमजोर आहे असा गैरसमज होतो. नव्या अल्टरनेटरचा रेग्युलेटर (व्होल्टेज सांभाळणारा भाग) त्याच पद्धतीचा लागेल, नाहीतर चार्जिंगचा दिवा लागून राहतो. नवी अर्थ केबल थेट बॅटरीच्या मायनसला जोडू नका. सेन्सरच्या पुढे, बॉडीच्या बाजूला जोडा, म्हणजे सगळा प्रवाह मोजला जाईल.

डिकीतला_सब
सेन्सर नाही, रेग्युलेटर साधा आहे. बी-प्लस ते बॅटरी ०.४२ आले, अल्टरनेटरची बॉडी ते मायनस ०.२५. तिन्ही जोडण्या ५० चौरस मिमीने केल्यावर ०.०८ आणि ०.०५. आता २००० आरपीएमला १३.५, पण आयडलला १२.३ च.

बारा_व्होल्ट
म्हणजे तारांचा दोष गेला आणि उरली ती आयडलची खरी तूट. आता अल्टरनेटर बदलणं योग्य.

बेल्ट_टेन्शन
बसवताना: बॅटरीचा मायनस आधी काढा, बी-प्लसला सतत करंट असतो. बेल्टच्या मार्गाचा फोटो घ्या, मग टेन्शनर सैल करा. जुना आणि नवा शेजारी ठेवून माउंटिंगचे कान, पुलीच्या खाचांची संख्या, पुलीची मागची-पुढची जागा आणि प्लग जुळतात का ते पाहा. पुली २ मिमीने जरी बाहेर असली तरी बेल्ट कडेने झिजतो.

१८० अँपिअर पूर्ण ओढले तर १४ व्होल्टला अडीच किलोवॅट होतात, आणि अल्टरनेटरमधली हानी धरून बेल्टवर चार किलोवॅटच्या वर भार येतो. म्हणून बेल्ट नवा घाला. ठोक्याबरोबर बेल्ट किंचाळला तर तो घसरतोय. लहान पुली लावून आयडलचं आउटपुट वाढवता येतं, पण बेल्टची पकड कमी होते आणि जास्त आरपीएमला अल्टरनेटर मर्यादेबाहेर फिरतो, त्यामुळे तक्ता चांगला असताना तो उपाय नको.

पहिल्यांदा सुरू करण्याआधी बॅटरी चार्जरवर पूर्ण भरा. उतरलेली बॅटरी नव्या अल्टरनेटरला आयडलवर, पंख्याची हवा कमी असताना, पूर्ण ताकदीने राबवते आणि डायोड तापतात. अल्टरनेटर चालतोय का हे बघायला चालू इंजिनवर बॅटरीची तार काढून बघायची नाही. त्या झटक्याने ईसीयू आणि अँप्लिफायर दोन्ही जाऊ शकतात.

अर्धा तास जोरात वाजवून, इंजिन बंद करून फ्यूज होल्डर आणि बॅटरीकडच्या लगला हात लावा. केबल गार आणि लग गरम असेल तर क्रिम्प (लग केबलवर दाबून केलेला जोड) सैल आहे, तो कापून नवा दाबा.