बुद्धिबळ रॅपिड रेटिंग ९०० वरून १५०० : किती वेळ धरायचा?

विरारकर: चेस डॉट कॉमवर रॅपिडमध्ये (१० मिनिटं किंवा जास्त वेळाचे डाव) ९०० रेटिंगला अडकलोय. रोज चर्चगेट लोकलमध्ये तासभर मिळतो. १५०० ला कधी पोचेन?

काळा_उंट: साधारण वर्ष-दीड वर्ष धरा. पण ३ मिनिटांचे डाव सरावात मोजू नका. वसई खाडीवर नेट गेलं की वेळ संपून हरणार, शिकणार काहीच नाही. गाडीत कोडी सोडवा, घरी १५+१० चा (१५ मिनिटं, दर चालीला १० सेकंद जादा) एकच डाव. इंजिन (चाली तपासणारा प्रोग्रॅम) लावायच्या आधी कुठे फसलं ते स्वतः शोधा. ९०० ला डाव जातो तो फुकट दिलेल्या मोहऱ्यांमुळे. प्रत्येक चालीआधी समोरच्याचे शह आणि मार बघाच.

प्यादेवाला: ओपनिंगची (सुरुवातीच्या चालींची) पाठांतरं सध्या नकोत. अंत्यडाव (थोड्याच मोहऱ्या उरतात तो शेवटचा टप्पा) घ्या. पांढरा राजा ई६, प्यादं ई५, काळा राजा ई८: चाल कुणाचीही असो, पांढरा जिंकतो. सगळं एक घर पांढऱ्याच्या बाजूला मागे घ्या, मग चाल कुणाची यावर निकाल. कडेच्या प्याद्याला हे लागू नाही.

विरारकर: आणि फिडे (जागतिक बुद्धिबळ संघटना) रेटिंग?

काळा_उंट: ते वेगळं खातं. रेटेड खेळाडूंशी किमान ५ डाव लागतात. २०२४ पासून तळ १४०० चा, म्हणजे त्याखालचं रेटिंग मिळत नाही.