मदत हवी आहे: भुताखेतांवरचा विश्वास मोजायचा, पण मराठीत कसा?

मंडळी, मी एम.ए. मानसशास्त्राला आहे, राहायला कळव्यात. प्रकल्पाचा विषय: स्वभाव आणि अतींद्रिय गोष्टींवरचा विश्वास.

असा विश्वास मोजणारी, मानसशास्त्रज्ञ टोबॅसिक यांची सुधारित प्रश्नावली वापरायची आहे. २६ विधानं, ७ उपगट, प्रत्येक विधानाला १ ते ७ गुण. अडचण अशी की त्यात स्कॉटलंडच्या लॉक नेस सरोवरातला राक्षस आहे, १३ आकडा आहे. आमच्या सोसायटीतल्या काकूंना मी लॉक नेस काय विचारू? त्यांना मुंजा विचारा, हडळ विचारा, अमावास्येला नवी गाडी घ्याल का विचारा, तासभर बोलतील. काळी मांजर तेवढी चालेल, पण आपल्याकडे ती आडवी जावी लागते!

शिवाय त्यात देव आणि चेटूक एकाच प्रश्नावलीत. देवावरचं विधान वाचून मावशी उखडली, "देवाला यात कशाला ओढतेस?" ही मावशी हिशोबाला चोख, अजिबात स्वप्नाळू नाही, तरी दाराला लिंबू-मिरची हवीच. वाचनात मात्र येतं की कल्पनेत रमणाऱ्या, चटकन तल्लीन होणाऱ्या लोकांत असा विश्वास जास्त आढळतो. मग मावशीचं काय? सवय आणि विश्वास वेगळे मोजता येतात का?

कुणी या प्रश्नावलीचं मराठी रूपांतर केलंय का? विधानं बदलली तर विश्वसनीयता (उत्तरं सुसंगत येतात का) पुन्हा तपासावी लागेल हे माहीत आहे, पण त्यासाठी किमान किती जण घ्यावेत? ठाणे-नवी मुंबईत कुणी मार्गदर्शन करणार असेल तर मी येऊन भेटेन. रविवार सोडून, त्या दिवशी मेगाब्लॉक असतो.