मदत हवी आहे : दहावी, शंकूछेदाची (टोक कापलेल्या शंकूची) उंची दाखवायची कशी?

बादलीच्या उदाहरणात (त्रिज्या १४ व ७, उंची २४ सेमी) मुलं घनफळ बरोबर काढतात, ८६२४ घसेमी. पृष्ठफळाला मात्र तिरकस उंची २५ न घेता २४ च घेतात, म्हणून वक्रपृष्ठफळ १६५० ऐवजी १५८४ चौसेमी येतं. शिवाय तळाच्या १५४ सोबत उघड्या तोंडाचे ६१६ सुद्धा मिळवतात!

निम्म्या मापाचं कार्डशीट मॉडेल करून घेते: २५ व १२.५ सेमी त्रिज्यांचे कंस, कोन १००.८°, चिकटवायला १ सेमी पट्टी जास्तीची. गुंडाळल्यावर तिरकस उंची हाताला लागते, पण लंब उंची आतल्या पोकळीत राहते. ७-२४-२५ चा (त्रिज्यांतला फरक, लंब उंची, तिरकस उंची; मॉडेलमध्ये निम्म्या मापात) काटकोन त्रिकोण मुलांना मॉडेलमध्येच दिसेल अशी युक्ती कोणी वापरता का? चाळीसच्या वर्गात, एका तासिकेत बसणारी हवी.